थॅकरे हे इंग्रजी आडनाव आलं कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लीड्सला राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात बसमधून सेंट जेम्स हॉस्पिटलच्या बाजूला एक जुनी लाल विटांची बिल्डिंग दिसली आणि तिच्यावर पाटी, थॅकरे म्युझियम. मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि संपलंच. तेव्हापासून जे प्रश्न सुरू झालेत ते अजून चालू आहेत, मामांपासून ऑफिसातल्या मराठी पोरांपर्यंत सगळ्यांचे तेच तेच, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं आणि पुढच्या वेळी लिंक पाठवावी. घोळ नको म्हणून खाली इंग्रजांना 'थॅकरे' म्हटलंय आणि आपल्यांना 'ठाकरे'.

हे खरंच इंग्रजांचं आडनाव आहे? आपल्याकडून गेलं नाही ना?

नाही हो. शंभर टक्के यॉर्कशरचं आहे, म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडचं. आपल्याकडून तिकडे गेलेलं नाही आणि तिकडून आपल्याकडे आलं ते फक्त स्पेलिंग, ती गंमत खाली येईलच.

अर्थ काय मग?

शब्द इंग्रजीसुद्धा नाही धड, व्हायकिंग लोकांचा आहे. नवव्या शतकात, ८६६ साली, त्यांनी यॉर्क घेतलं आणि मग ते नुसते लुटून गेले नाहीत, शेती करत इथेच राहिले, त्यामुळे या भागातल्या गावांच्या, ओढ्यांच्या, टेकड्यांच्या नावांत अजून त्यांची जुनी नॉर्स भाषा भरलेली आहे. त्या भाषेत 'थाक' म्हणजे छपरावर घालायचं गवत, लव्हाळे, बोरू वगैरे, आणि 'व्रा' म्हणजे कोपरा, आडबाजूची जागा. थाक-व्रा, म्हणजे जिथे घर शाकारायचं गवत मिळतं तो कोपरा. शाकारणे हा शब्द आता किती जणांना माहितीये कोण जाणे, आमच्या आजोळी कोकणात पावसाच्या आधी गोठा शाकारायचे, पेंढा आणि झावळ्या आणून ठेवायचे, तेच काम. ओल्या जमिनीत असलं गवत उंच वाढतं आणि गावाला दर काही वर्षांनी ते लागतंच, त्यामुळे त्या जागेला नाव पडणं साहजिक आहे. मग तिथे राहणाऱ्याला लोक 'थाक-व्राचा अमुक' म्हणायला लागले. आपल्याकडे असतं तर सरळ 'कर' लावून गवतकोपरकर झालं असतं. इंग्रजांनी सुरुवातीला फ्रेंच 'द' लावला, म्हणजे 'चा', नंतर तोही गळून गेला आणि नुसतं गावाचं नाव उरलं.

आणि एक भारी गोष्ट. या 'थाक'चा आणि इंग्रजीतल्या 'थॅच'चा मूळ धातू 'झाकणे' अशा अर्थाचा आहे आणि तो संस्कृतातही आहे, स्थग्, म्हणजे झाकणे. त्याच्यापासूनच आपलं 'स्थगित'. लॅटिनमधून आलेले टाइल आणि प्रोटेक्ट हेही त्याच घरातले. म्हणजे सभा स्थगित झाली म्हणताना आपण नकळत छप्पर घालत असतो!

ती जागा अजून आहे का?

आहे पण पाण्याखाली आहे. हॅरोगेट आणि ओटली यांच्या मधे वॉशबर्न नावाच्या नदीचं खोरं आहे, त्यात फ्यूस्टन आणि ग्रेट टिंबल अशी छोटी गावं, आणि तिथेच थॅकरे नावाची वस्ती होती. एकोणिसाव्या शतकात लीड्स शहर कापडाच्या गिरण्यांनी इतकं फुगलं की प्यायला पाणी पुरेना, मग लीड्सच्या नगरपालिकेने १८७० च्या दशकात या खोऱ्यात एकापाठोपाठ एक तलाव बांधले, लिंडली वुड, स्विन्स्टी, फ्यूस्टन. फ्यूस्टनच्या तलावात ही जागा गेली. आडनाव जगभर गेलं आणि गावावर लीड्सकरांचं पिण्याचं पाणी. आमच्या नळालाही लीड्सचंच पाणी, त्यातलं काही तिथलंच असणार, मला हे कळल्यावर चहा करताना दोन दिवस उगाच विचित्र वाटत होतं.

मी गेलेय तिथे. २०२२ च्या उन्हाळ्यात यॉर्कशरमध्ये पाऊस नव्हता, बागेत पाइपने पाणी घालायलाही बंदी आली होती आणि तलाव खूप खाली गेले होते. मला वाटलं उजनीचं पाणी उतरल्यावर पळसदेवचं देऊळ वर येतं तसं काहीतरी दिसेल. कसलं काय! भेगा पडलेला चिखल, वाळलेली शेवाळ आणि एक काठी पकडायला पळणारा कुत्रा. पण काठाला ओल्या जागी उंच राकट गवत अजून वाढतं, ते हातात धरून बघितलं, पातं सुरीसारखं धारदार आहे, बोट कापलं माझं. नाव का पडलं असेल ते तेव्हा पटलं.

आडनाव म्हणून कधीपासून चालू झालं?

इंग्लंडमध्ये साध्या माणसांना कायमची आडनावं मिळाली ती साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. त्याआधी माणूस गाव बदलायचा तसं नावही बदलायचा. मग कर वसूल करायला याद्या लागल्या, १३७७ ते १३८१ मध्ये डोई-कर लावला तेव्हा माणसागणिक नावं लिहिली गेली आणि आडनावं घट्ट व्हायला लागली. पुढे १५३८ पासून चर्चमध्ये जन्म, लग्न, मयत यांच्या नोंदी सक्तीच्या झाल्या. आपल्याकडेही इंग्रजांच्या शाळेत नाव घालतानाच कितीतरी घरांची आडनावं पक्की झाली की, तसंच.

स्पेलिंग किती प्रकारची आहेत आणि बोलायचं कसं?

बापरे, खूप. थॅक्रे, थॅकरे, थॅक्रा, थॅकरा, थॅक्व्रे, थॅकरी. लिहिणारा पाद्री जसं ऐकेल तसं लिहायचा, त्यात यॉर्कशरचे लोक शेवटचा भाग खाऊन टाकतात, त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावांची स्पेलिंगं वेगळी सापडतात. मधे 'ई' नसलेलं थॅक्रे हे इथलं खरं गावठी रूप, म्युझियमच्या पाटीवरही तेच आहे, मी मराठी डोळ्याने थॅकरे वाचलं एवढंच. कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरेवालं, मधे 'ई आर' असलेलं, त्याचा उच्चार इंग्रज लोक बऱ्यापैकी 'थॅकरी' असा करतात. आपण मराठीत पूर्वीपासून त्याला थॅकरे लिहितो, ते चालू दे.

थॅचर, थॅकर ही पण त्यातलीच का?

लांबचे चुलत. ती धंद्यावरून पडलेली, छप्पर शाकारणारा तो दक्षिणेत थॅचर आणि उत्तरेत थॅकर. म्हणजे मार्गारेट थॅचर बाईंचं सासर शाकारणाऱ्यांचं आणि थॅकरेंचं गाव गवताचं. आपल्या गुजराती ठक्करांपैकी काही जण इंग्रजीत थॅकर लिहितात त्यांचा मात्र याच्याशी काही संबंध नाही.

तो प्रसिद्ध लेखक थॅकरे भारतात जन्मला होता हे खरं का?

खरं. विल्यम मेकपीस थॅकरे, जन्म १८ जुलै १८११, कलकत्ता. मूळ घराणं हॅम्प्सथ्वेट नावाच्या गावचं, हॅरोगेटपासून जवळ, म्हणजे वरच्या त्या बुडालेल्या वस्तीपासून फार लांब नाही. त्याचे पणजोबा थॉमस थॅकरे हॅरोच्या शाळेचे हेडमास्तर, सोळा मुलं. सोळा! त्यातला धाकटा एक १७६६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला, सिल्हेटला (आता बांगलादेशात) पोस्टिंग मिळालं आणि त्याने पगारापेक्षा जास्त पैसा केला तो जंगलातले हत्ती पकडून कंपनीलाच विकण्यात. त्या व्यवहारावरून पुढे कंपनीवर कोर्टात केसही केली पठ्ठ्याने. दहा वर्षांत गबर होऊन विलायतेला परत. यालाच सगळे सिल्हेट थॅकरे म्हणतात, हा लेखकाचा आजोबा.

लेखकाचे वडील रिचमंड हेही कंपनीतच, ते १८१५ ला कलकत्त्यात वारले. आईची गोष्ट तर सिरियलवाल्यांनी घ्यावी अशी आहे. तिचं एका तरुण लष्करी अधिकाऱ्यावर प्रेम होतं, आजीने तिला सांगितलं की तो मेला, म्हणून तिने कलकत्त्याला येऊन रिचमंडशी लग्न केलं. मग एक दिवस नवराच कोणा नव्या ओळखीच्या माणसाला जेवायला घेऊन आला आणि दारात तोच, जिवंत. नवरा गेल्यावर तिने त्याच्याशी लग्न केलं.

पोराला पाचव्या वर्षी बोटीने इंग्लंडला पाठवला, वाटेत बोट सेंट हेलेनाला थांबली तेव्हा सोबतच्या नोकराने त्याला कैदेतला नेपोलियन बागेत फिरताना दाखवला आणि सांगितलं की हा रोज तीन मेंढ्या खातो आणि हाताला लागतील तेवढी पोरं पण. बागुलबुवा सगळीकडे सारखाच.

एक लक्षात घ्या, लेखकाला फक्त मुलीच होत्या. त्यामुळे कोणी 'मी त्या थॅकरेचा वंशज' म्हणून आडनाव दाखवत असेल तर तो फार तर चुलत शाखेतला.

कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या लढाईत मेलेला थॅकरे तो हाच का?

हा नाही, याचा सख्खा काका. हा प्रश्न मला बेळगावच्या मैत्रिणीने विचारला आणि खरं सांगते, तोपर्यंत मला हे दोन धागे जोडायचं सुचलंच नव्हतं.

सिल्हेट थॅकरेची बहुतेक मुलं हिंदुस्थानातच नोकरीला आली. एक विल्यम, तो मद्रासकडे थॉमस मन्रो या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या बाजूने रयतवारी पद्धतीसाठी, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट सारा घ्यायच्या पद्धतीसाठी भांडला. एक थॉमस नेपाळच्या लढाईत मेला. आणि एक सेंट जॉन, लिहायचं सेंट जॉन पण नाव म्हणून बोलायचं सिंजन, तो धारवाडचा मुख्य कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट. १८१८ ला पेशवाई बुडाल्यावर कृष्णेच्या दक्षिणेचा हा मराठा मुलूख कंपनीकडे गेला होता, कित्तूरचं संस्थान मात्र करार करून देसाई घराण्याकडेच ठेवलं होतं. सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचा राजा शिवलिंगरुद्र वारला, पोटी मूल नाही, मरायच्या आधी दत्तक घेतला. थॅकरे म्हणाला हे दत्तकपत्रच मला संशयास्पद वाटतं, राजा तेव्हा शुद्धीत तरी होता का, आणि त्याने खजिन्याला सील ठोकलं, पहारे बसवले. राणी चन्नम्मा म्हणजे राजाची सावत्र आई, तिने पुण्याला कमिशनर चॅप्लिनकडे आणि मुंबईला गव्हर्नर एल्फिन्स्टनकडे अर्ज केले. थॅकरेला तेवढा धीर कुठला.

२३ ऑक्टोबर १८२४. किल्ल्याचा दरवाजा बंद. थॅकरेने मुदत दिली, दरवाजा उघडा नाहीतर तोफेने उडवतो. मुदत संपायच्या सुमारास दरवाजा उघडला पण आतून कित्तूरचं सैन्यच तुटून पडलं, कलेक्टर जागेवर ठार, स्टीव्हन्सन आणि एलियट हे दोन असिस्टंट कैद. कंपनीच्या अंमलात एका कलेक्टरला असं किल्ल्याच्या दारात मारणं ही साधी गोष्ट नव्हती. डिसेंबरात मोठी फौज घेऊन आले, त्या लढाईत सोलापूरचा सब-कलेक्टर मन्रो मेला, तो थॉमस मन्रोचा पुतण्या. शेवटी किल्ला पडला, राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवलं, तिथेच ती १८२९ ला गेली. संगोळी रायण्णाने पुढे लढा चालू ठेवला, त्याला १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिली.

लेखक तेव्हा तेरा वर्षांचा होता, इंग्लंडमध्ये शाळेत. कित्तूरला दरवर्षी त्याच २३ ऑक्टोबरपासून उत्सव असतो. म्हणजे यॉर्कशरच्या एका गवताळ कोपऱ्याचं नाव उत्तर कर्नाटकातल्या शाळेच्या पोरांना पाठ आहे, तेही व्हिलन म्हणून. इकडे लीड्समध्ये मी ऑफिसातल्या एका थॅक्रे नावाच्या माणसाला हे सांगितलं तर तो आधी हसला आणि मग म्हणाला, दरवाजा उडवतो म्हणून सांगून कशाला उडवायचा, गाढवच होता. यॉर्कशरचे लोक असेच बोलतात.

बरं, आता खरा प्रश्न. आपल्या ठाकरेंचा काय संबंध?

हाच प्रश्न सगळ्यांना पहिला विचारायचा असतो पण लाजेपायी पाचवा विचारतात. रक्ताचा संबंध शून्य.

प्रबोधनकार, म्हणजे केशव सीताराम ठाकरे, जन्म १७ सप्टेंबर १८८५, पनवेल. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात घराण्याची हकीकत दिली आहे, पूर्वज नाशिककडच्या धोडप किल्ल्याचे किल्लेदार म्हणून धोडपकर, मग पनवेलला राहिले म्हणून पनवेलकर, आणि शाळेत नाव घालताना वडिलांनी जुनं मूळ आडनाव म्हणून ठाकरे लावलं. म्हणजे आडनाव मराठीच, घरातलंच. इंग्रजीत लिहिताना मात्र ठाकरेचं नेहमीचं सरळ स्पेलिंग न करता त्या कादंबरीकाराचं स्पेलिंग घेतलं, त्यांना तो लेखक आवडायचा असं सांगतात. झालं, एवढीच गाठ. एका वाचणाऱ्या माणसाने आवडत्या लेखकाची अक्षरं उचलली आणि आता इंटरनेटवर हे स्पेलिंग टाकलं तर यॉर्कशर शोधायला पानंच्या पानं खाली जावं लागतं.

माझ्या डोंबिवलीच्या काकांना हे पटत नाही, त्यांच्या मते इंग्रजांनीच आपलं चोरलं. काकांपुढे कोण बोलणार.

सगळे मराठी ठाकरे असंच लिहितात का?

नाही. विदर्भात, खानदेशात भरपूर ठाकरे आहेत आणि ते टी-एच-ए-के-आर-ई किंवा मधे एक 'ए' जास्त घालून लिहितात. कुशाभाऊ ठाकरे बघा, साधं स्पेलिंग. आणि सह्याद्रीतले ठाकर, उत्तरेतले ठाकूर, हे सगळं एकात कालवू नका, दिसायला जवळ म्हणून नातं लागत नाही.

लीड्सच्या म्युझियमवाला थॅक्रे कोण?

चार्ल्स थॅक्रे, त्याने १९०२ मध्ये लीड्सच्या मोठ्या दवाखान्याजवळ ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर केमिस्टचं दुकान घेतलं, त्यातून ऑपरेशनची हत्यारं बनवणारी कंपनी उभी राहिली. सर जॉन चार्नलींनी खुब्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन यशस्वी केलं त्याची हत्यारं आणि सांधे याच कंपनीने बनवले. आपल्याकडे ज्या आजी-आजोबांचा खुबा बदललाय त्यांनी या आडनावाला एक नमस्कार करायला हरकत नाही. म्युझियम वैद्यकशास्त्राचं, १९९७ ला उघडलं, बिल्डिंग १८६१ ची आणि मूळची गरिबांना कामाला जुंपायचं वर्कहाउस.

त्याच्याही आधीचा एक डॉक्टर, चार्ल्स टर्नर थॅक्रा, हा माझा सगळ्यात आवडता. १७९५ ते १८३३, चाळिशीही गाठली नाही. लीड्समध्ये जवसाच्या धाग्याच्या गिरण्या होत्या, धूळ इतकी की कामगार खोकून खोकून मरायचे, आणि याने शहरातले एकेक धंदे घेऊन, शिंपी, विणकर, खाणवाले, कुठल्या कामाने कुठला आजार होतो ते लिहून १८३१ मध्ये पुस्तक काढलं. पोरांना गिरणीत इतके तास राबवू नका हेही स्पष्ट लिहिलं. गिरणगावाच्या लोकांना हे वेगळं समजवायला नको.

आणि जेक थॅक्रे, गाणारा, लीड्सचाच, १९३८ चा. खवचट विनोदी गाणी. तो वारला २४ डिसेंबर २००२ ला, आणि कादंबरीकार वारला २४ डिसेंबर १८६३ ला. योगायोग, दुसरं काय.

किती कॉमन आहे?

इंग्लंडभर बघितलं तर दुर्मिळच. स्मिथ, जोन्ससारखं नाही, लंडनमध्ये सांगितलं तर स्पेलिंग विचारतात. पण लीड्स, हॅरोगेट, ब्रॅडफर्ड या पट्ट्यात आलं की प्लंबरच्या व्हॅनवर, कबरीच्या दगडावर, क्रिकेट टीममध्ये हमखास एखादा. इथल्या इथे 'ई' नसलेलंच जास्त. बाकी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेलेत ते तिथे थोडे थोडे.

ते मेकपीस काय प्रकरण आहे?

शब्दशः 'शांतता कर'. ते स्वतंत्र आडनावही आहे, भांडणं मिटवणाऱ्या माणसाला पडलेलं. घराण्यात अशी कथा सांगतात की सोळाव्या शतकातल्या कॅथलिक राणी मेरीच्या काळात धर्मासाठी जाळलेला कोणी मेकपीस पूर्वज होता. कथा म्हणून ऐकायची.

माझ्या ओळखीचे एक थॅकरे आहेत इकडे, त्यांना मूळ शोधायचंय, काय करू?

पहिलं म्हणजे एका स्पेलिंगवर अडून बसू नका, वरची सगळी टाकून बघा. १८३७ पासूनचे सरकारी जन्म-लग्न-मृत्यू आणि १८४१ पासून पुढची नावानिशी जनगणना ऑनलाइन मिळते, त्याच्या मागे चर्चची रजिस्टरं. पूर्वज हिंदुस्थानात होते असं वाटत असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले कंपनीचे कागद, तिथे पगारापासून बाप्तिस्म्यापर्यंत सगळं लिहिलेलं असतं.

लीड्सला आलो तर काय काय बघू?

म्युझियमला अर्धा दिवस ठेवा, तिथे जुन्या लीड्सची अंधारी गल्ली उभी केलीये, लहान पोरं घाबरतात. फ्यूस्टनला गाडी लागते. तलावाला चक्कर मारायचा रस्ता चांगला आहे, पण बूट जुने घाला आणि थर्मासमधे चहा घ्या. आणि काठाचं गवत उपटायला जाऊ नका, वर सांगितलंय ना बोटाचं.